ड्रॉप्ड कर्ब: आधी परवानगी, मग फरशी

आजचा भाग खास करून इंग्लंडमध्ये घर घेतलेल्या, किंवा घ्यायच्या विचारात असलेल्या आपल्या लोकांसाठी. विषय ऐकायला बारीक वाटेल, पण त्यात भरपूर पाउंड अडकू शकतात.

ड्रॉप्ड कर्ब म्हणजे काय? रस्ता आणि फुटपाथ यांच्यामध्ये जी काँक्रीटची किंवा दगडाची उभी कड असते ना, तिला तिकडे कर्ब म्हणतात. ती घरासमोर तेवढ्याच भागात खाली उतरवायची आणि मधला फुटपाथ गाडीचं वजन पेलेल इतका मजबूत करायचा. मग गाडी रस्त्यावरून थेट अंगणात.

आता नेहमी होणारा घोळ सांगतो. नवीन घर, पुढे छोटीशी बाग. रस्त्यावर पार्किंग मिळत नाही, त्यात इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय, चार्जर घराच्या भिंतीवर लावायचाय. मग लोक आधी बाग उखडतात, फरशी घालतात आणि त्यानंतर कौन्सिलकडे अर्ज करतात. तिकडून येतो नकार! फरशीचे पैसे गेले, बाग गेली, गाडी मात्र रस्त्यावरच.

म्हणून एकच गोष्ट लक्षात ठेवा: आधी परवानगी, मग फरशी.

"माझ्या घरासमोर मी काहीही करेन, यांना का विचारायचं?" असं वाटणं साहजिक आहे. पण घर तुमचं, अंगण तुमचं, फुटपाथ सगळ्यांचा. १९८० च्या हायवेज अ‍ॅक्टमधलं कलम १८४ नेमकं याबद्दल आहे. गाडी सुरक्षितपणे आत-बाहेर करता येईल का, रस्त्यावरच्या वाहतुकीला अडथळा होईल का, हे रस्ते सांभाळणारी कौन्सिल बघते. परवानगी नसताना रोज फुटपाथवरून गाडी चढवत राहिलात, तर कौन्सिल नोटीस देऊन स्वतः काम करू शकते आणि खर्च तुमच्याकडून वसूल करू शकते.

अर्जाआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, जागा. टेप घ्या आणि अंगणाची खोली मोजा. गाडीचा मागचा भाग फुटपाथवर आलेला चालत नाही. बऱ्याच कौन्सिल ४.८ मीटरच्या आसपास खोली मागतात, पण प्रत्येकीचा आकडा वेगळा. तो त्यांच्या वेबसाइटवर असतो. समोर झाड, दिव्याचा खांब किंवा जवळच चौक आहे का, तेही बघा. खांब हलवायचा झाला तर खर्च बहुतेक तुमच्याच माथी. आणि झाडासाठी नकारही येऊ शकतो.

दुसरी, रस्ता. तुमचा रस्ता ए, बी किंवा सी वर्गात येत असेल, तर वेगळी प्लॅनिंग परमिशनही लागते. फ्लॅट किंवा लिस्टेड इमारत असेल तरी आधी विचारून घ्या. लक्षात घ्या, या दोन स्वतंत्र परवानग्या आहेत. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही. काही भागांत तर रस्ता काउंटी कौन्सिलकडे आणि प्लॅनिंग डिस्ट्रिक्ट कौन्सिलकडे असतं.

तिसरी, पाणी. ऑक्टोबर २००८ पासून नियम असा आहे, की पुढच्या अंगणात ५ चौरस मीटरपेक्षा जास्त जागेवर पाणी न मुरणारी फरशी घातली आणि पाणी रस्त्याकडे वाहिलं, तर प्लॅनिंग परमिशन लागते. पाणी मुरेल अशी फरशी किंवा खडी घाला, नाहीतर पाणी अंगणातल्याच मातीकडे वळवा. मग तो प्रश्न येत नाही.

परवानगी मिळाली तरी स्वतः कुदळ घेऊन फुटपाथ फोडायचा नाही. काम कौन्सिलचा ठेकेदार करतो, किंवा कौन्सिलने मान्यता दिलेला. अर्जाची फी साधारणपणे नकार आला तरी परत मिळत नाही, म्हणून आधी मोजमाप. भाड्याने राहत असाल तर घरमालकाची लेखी संमती हवीच.

घर विकत घेणाऱ्यांसाठी खास सूचना: जाहिरातीत "ड्राइव्हवे" लिहिलंय म्हणून खूश होऊ नका. बाहेर जाऊन कर्ब खरंच उतरवलेला आहे का ते बघा, आणि परवानगीचे कागद आहेत का, हे सॉलिसिटरला विचारायला सांगा. अंगणात फरशी आहे, पण कर्ब उभाच आहे, तर त्या पार्किंगचे पैसे तुम्ही कशाचे देताय?

शेवटी थोडं पलीकडच्या बाजूनेही बघू या. तुमच्यासाठी कर्ब उतरतो, तेव्हा रस्त्यावरची एक सार्वजनिक पार्किंगची जागा जाते. त्याच फुटपाथवरून कोणी प्रॅम ढकलत जातं, कोणी व्हीलचेअरवर, कोणी पांढरी काठी टेकवत. त्यांच्या पायाखालचा उतार आपण बदलतोय. कौन्सिल इतके प्रश्न विचारते ते यासाठी.

तर टेप काढा, मोजा, कौन्सिलची वेबसाइट उघडा. आणि तुमच्या ग्रुपमध्ये कोणी या वीकेंडला बाग उखडायला निघालं असेल, तर त्याला हा भाग आजच पाठवा. भेटू पुढच्या भागात!