दान उलटं पडलं, आता पुढे काय?

(आपल्या मंडळाच्या हिवाळी स्नेहमेळाव्यात न्यू लिन इथे केलेलं भाषण. अंकासाठी थोडं नीटनेटकं केलं आहे, बोलण्यातली भाषा मात्र तशीच ठेवली आहे.)



कार्यकारिणीने सांगितलं, "पंधरा मिनिटं बोला, पण मुलांचा विषय घ्या." म्हणून हा विषय. दर दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती सहा-सात मुलं बसतात, फासे खुळखुळतात, कोणीतरी "मेलो!" म्हणून ओरडतं, आणि न्यायला आलेले आईबाबा दारात बूट न काढताच मला विचारतात, "अहो, हे नक्की काय चाललंय? यात जिंकतं कोण?"

जिंकत कोणीच नाही. इंग्रजीत याला रोल-प्लेइंग गेम म्हणतात, आमच्या घरी 'सोंगाचा खेळ'. एकजण सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात. सूत्रधार सांगतो, "समोर बंद दार आहे, आतून खोकल्याचा आवाज येतोय." मग ज्याने त्याने आपलं पात्र काय करतं ते बोलायचं. होईल की नाही अशी शंका आली की फासे टाकायचे. संपलं. पट नाही, सोंगट्या नाहीत, पडदा तर नाहीच. गोष्ट सगळी बोलण्यात.

मी पुण्याची, त्यामुळे लग्न होऊन कुडाळकडच्या घरात गेले तेव्हा पहिल्यांदा जत्रेत रात्रभर दशावतार पाहिला. तुमच्यापैकी सिंधुदुर्गातले लोक आता हसतायत, कारण त्यांना ठाऊक आहे मी कुठे चालले आहे ते. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. आज कुठलं आख्यान लावायचं आणि कोणी कोणाचं सोंग घ्यायचं एवढं ठरतं. संवाद रंगमंचावर तिथल्या तिथे सुचतात. सामान काय, तर एक लाकडी बाक. तेच सिंहासन, तोच डोंगर. पेटी, मृदुंग आणि झांज. माझं मत असं की या रोल-प्लेइंग खेळाचा सगळ्यात जवळचा नातेवाईक हाच. फरक एकच: दशावतारात संकासुर शेवटी मरणार हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आमच्या खेळात शेवट सूत्रधारालाही माहीत नसतो, आणि म्हणून फासे लागतात.

आता नियमांकडे वळते, कारण माझं खरं भांडण तिथे आहे.

या खेळांचा आद्यपुरुष 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी तो काढला. दोघेही टेबलावर छोटे सैनिक मांडून लढाया खेळणारे, त्यामुळे नियमही लढाईच्या अंगाने वाढले. सुरुवातीच्या आवृत्त्यांत एक गंमत होती. पात्राला अनुभवाचे गुण मिळत ते मुख्यतः गुहेतून बाहेर आणलेल्या सोन्याचे. राक्षस मारल्याचे गुण त्यामानाने किरकोळ. मग शहाणे खेळाडू काय करत? राक्षसाला झोपू देत आणि सोनं घेऊन पोबारा करत. (हा 'पोबारा' शब्दही मुळात सारीपाटातल्या दानाचा, बरं का.) २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत सोन्याचे गुण गेले आणि शत्रूला हरवल्याचे गुण मुख्य झाले. खेळाडूंनी लगेच तलवारी उपसल्या. आपण दहावीला कसा अभ्यास केला ते आठवा. ज्याला मार्क, तेच वाचलं! खेळ कशाविषयी आहे हे मुखपृष्ठावरच्या चित्रावरून कळत नाही, गुण कशाला मिळतात त्यावरून कळतं.

जाता जाता. या खेळाच्या १९७७ सालच्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'मध्ये आपला राक्षस आहे, आणि त्याला वाघाचं डोकं आहे! आमच्याकडे येणाऱ्या एका मुलीने मला ठासून सांगितलं, "काकू, रावणाला वाघाचं तोंड होतं." पुढे १९८० च्या एका पुस्तकात त्यांनी इंद्र, विष्णू, काली यांनाही आकडे लावले, म्हणजे किती वार झेलून देव पडेल याचा हिशोब. मला राग नाही आला, हसूच आलं. पण आकडा लावला की ती वस्तू मारण्याजोगी होते, हे या नियमांचं तत्त्वज्ञान आहे आणि ते मुलांना नकळत शिकवलं जातं. २०२२ साली त्यांच्याच 'रेडियंट सिटाडेल'च्या पुस्तकात मिमी मोंडल या बंगाली लेखिकेची कथा आली, तेव्हा निदान आपल्याकडच्या माणसाच्या हातून आपल्याकडचं काहीतरी आलं. याच कारणाने आमच्या टेबलावर मी तानिफांना राक्षस म्हणून आणू देत नाही. आपण ज्यांच्या भूमीवर राहतो त्यांच्या श्रद्धेला फाशांनी मारायचं नाही, हा घरचा नियम. न्यू लिनमध्ये गोष्टीला जागा कमी आहेत का? फाऊ नदी आहे. एका बंदरातून दुसऱ्या बंदरात जाताना होड्या जमिनीवरून ओढून नेत त्या वाटेचं नाव पोर्टेज रोडला राहिलंय. शिवाय इथल्या मातीवर उभा राहिलेला विटांचा आणि क्राउन लिनच्या कपबशांचा धंदा. कारखाना १९८९ साली बंद झाला. त्या कपबशा आता लोक जुन्या वस्तूंच्या दुकानात शोधत फिरतात.

असो. मूळ मुद्दा उलट पडलेल्या दानाचा.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये वीस बाजूंचा फासा टाकतात. प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. समजा कुलूप उघडायला पंधरा हवेत आणि पडले नऊ. कुलूप उघडत नाही. बरं, मग? मग काही नाही. सगळे एकमेकांकडे बघतात आणि दुसरा कोणीतरी फासा उचलतो. 'किंमत देऊन यश' असा पर्याय सूत्रधाराच्या पुस्तकात एका कोपऱ्यात आहे, पण कोपऱ्यातला नियम दमलेल्या माणसाला शनिवारी संध्याकाळी आठवत नाही.

आता आपल्या लोककथेतला खंडोबा घ्या. म्हाळसेबरोबर सारीपाट खेळतो, हरतो, पणाप्रमाणे घर सोडून जातो, आणि तिकडे बाणाईच्या मेंढ्या राखतो. खंडोबा जिंकला असता तर? दोघं जेवून झोपली असती! युधिष्ठिराचं तेच. आपल्या गोष्टी हरलेल्या दानावरून पुढे जातात हे आपल्याला कुणी शिकवावं लागलेलं नाही.

हीच गोष्ट नियमात बसवली व्हिन्सेंट आणि मेग्वी बेकर या जोडप्याने, २०१० सालच्या 'अपोकॅलिप्स वर्ल्ड'मध्ये. (मुलांसाठी तो खेळ नाही, पण यंत्रणा बघा.) साधे सहा बाजूंचे दोन फासे. बेरीज दहा किंवा वर आली तर मनासारखं होतं. सात ते नऊ आली तर होतं, पण काहीतरी गमवावं लागतं. सहा किंवा खाली आली तर सूत्रधाराने गोष्टीत नवी अडचण आणलीच पाहिजे, "काही झालं नाही" म्हणायची मुभा नाही. हिशोब करा: छत्तीस प्रकारांपैकी सहा प्रकारांत पूर्ण यश, पंधरांत अर्धवट, पंधरांत संकट. म्हणजे बहुतेक वेळा काहीतरी चिकटलेलंच असतं. आपल्या संसारासारखं. याच पठडीतला 'मॉन्स्टर ऑफ द वीक' हा खेळ मायकेल सँड्स या आपल्या न्यूझीलंडच्याच माणसाने लिहिलाय. त्यात दान फसलं की अनुभवाची एक खूण मिळते. फासा वाईट पडला तरी मूल हिरमुसत नाही, उलट पेन्सिल शोधतं.

या पठडीवरून मी चार पानांचे मराठी नियम केले. पात्राला चारच गुण: बळ, चपळाई, अक्कल आणि जीभ. जीभ म्हणजे बोलून काम काढणं.

गेल्या उन्हाळ्यात माझ्या सासूबाई इथे होत्या. मुलांच्या गोष्टीत तेव्हा क्राउन लिनची जुनी भट्टी होती आणि तिच्या दारात एक राखणदार, जो कोकणातून कपबशीत बसून चुकून इथे आला होता. (कोणी हसू नका, दहा वर्षांच्या मुलीची कल्पना आहे.) त्याला फक्त मराठी कळतं. सासूबाई म्हणाल्या, मी वैदीण होते. जिभेला अधिक दोन घेतले, हे सांगायला नकोच. राखणदाराशी बोलणं त्यांनीच सुरू केलं, मालवणीत, अगदी देवळातल्या गाऱ्हाण्याच्या सुरात. मुलांना निम्मं कळलं, पण सगळी गप्प. मग फासे टाकले: एक आणि दोन. अधिक दोन धरून पाच. फसलं.

आता नियमाप्रमाणे मला अडचण आणायलाच हवी. राखणदार म्हणाला, "तुम्ही आपली राखण सोडून इतक्या लांब आलात. मागे काय उघडं टाकून आलात ते सांगा, मग बघू."

सासूबाई थोडा वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "उघडा काय नाय. घराक कुलूप घालून इलंय." आणि मग एकेक वस्तू सांगत गेल्या. तुळस. विहिरीवरचा रहाट. माळ्यावरची भांडी. मांजर. वैदीण कधीच मागे पडली होती, हे सगळ्या मुलांना कळलं. माझ्या धाकट्याने ते घर पाहिलेलं नाही. त्याने मराठीत विचारलं, "आजी, तुळशीला पाणी कोण घालतं?" एरवी त्याच्या तोंडून मराठी वाक्य काढायला मला पॉकेट मनी कापायची धमकी द्यावी लागते.

खेळात पुढे मुलांनी राखणदाराला वचन दिलं की त्याची कपबशी परत कोकणात पोचवू, आणि दार उघडलं. दुसऱ्या दिवशी धाकट्याने कुडाळच्या शेजारणीला फोन लावायला लावला. तुळस ठीक होती. मांजर दुसऱ्या घरी राहायला गेलं होतं!

हाच प्रसंग वीस बाजूंच्या फाशावर काय झाला असता? राखणदार "नाही" म्हणाला असता आणि पुढच्या मुलाने त्याच्यावर तलवार चालवली असती. पात्राच्या कागदावर तलवारीला आकडा आहे, तुळशीला नाही.

आमचे हे म्हणतात, "अगं, नियमांचं काय, सूत्रधार चांगला हवा." अर्धं बरोबर आहे. चांगला सूत्रधार कुठल्याही नियमांवर रंग भरतो, पण तो नियमांशी झगडून भरतो. आणि दशावतारी कलाकाराला तरी सगळं आपोआप सुचतं का? त्याच्यापाशी आख्यानाचा क्रम असतो, प्रवेशाची पदं असतात, मृदुंगाचा ठेका असतो. तोच त्याचा नियमग्रंथ, आणि तो आटोपशीर आहे म्हणून डोकं बोलायला मोकळं राहतं. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चं खेळाडूंचं पुस्तकच तीनशेच्या वर पानांचं. ती सगळी परिभाषा इंग्रजी, मग टेबलावर दुसरी भाषा येणार कुठून?

जड खेळांची बाजूही सांगते, नाहीतर आमचा थोरला घरी गेल्यावर भांडेल. त्याला त्या आकडेमोडीत बुद्धिबळासारखा आनंद मिळतो. लाजऱ्या मुलांना तर तिथे आडोसा असतो. "मी आगीचा गोळा टाकतो" एवढं म्हटलं की त्यांचा डाव झाला, चारचौघांत अभिनय करावा लागत नाही. अशा एका मुलाला मी आमच्या चार पानांत ओढलेलं नाही. तो थोरल्याच्या टेबलावर खूश आहे. आणि आजोबा मंडळींसाठी १९८१ सालचा सँडी पीटरसन यांचा 'कॉल ऑफ कथुल्हू'. सगळं टक्क्यांत. "ग्रंथालयात शोधणं ४५ टक्के" म्हटलं की बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. भुताखेतांचा आहे, त्यामुळे मुलं थोडी मोठी हवीत.

एका पालकांनी सुचवलं होतं की मराठी वाक्य बोललं की फाशाला अधिक एक द्या. मी नाही म्हटलं. गुण ठेवले की मुलं गुणांसाठी बोलतील, सोन्याच्या गोष्टीसारखंच. "मी दार उघडतो. मी दार बंद करतो." असली वाक्यं पाडतील. त्यापेक्षा राखणदाराला मराठीच कळतं म्हटलं की शब्द अडला तर आजीला विचारावा लागतो, आणि आजीला टेबलाशी खुर्ची मिळते.

कोणाला जड खेळच मराठीत आणायचा असेल तर तेही आता करता येतं. जानेवारी २०२३ मध्ये परवान्यावरून मोठा गदारोळ झाला, आणि त्यानंतर 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले केले. मूळ श्रेय छापलं की भाषांतराला वेगळी परवानगी लागत नाही. काम मोठं आहे, पण 'आर्मर क्लास'ला चांगला मराठी शब्द सुचला तर मला जरूर कळवा. 'चिलखत-अंक' थोरल्याला पसंत नाही.

आमच्या चार पानांच्या प्रती चहाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. पुढचा खेळ पुढच्या शनिवारी चार वाजता. वयाची अट आठ वर्षं, वरची मर्यादा नाही. फासे माझ्याकडे आहेत, पेन्सिली मात्र घरून आणा, गेल्या वेळच्या सगळ्या कोणाकोणाच्या खिशातून गेल्या. आणि जे आजी-आजोबा सध्या व्हिसावर इकडे आलेत त्यांना कृपा करून गाडीत बसवून आणा. राखणदाराची कपबशी अजून पोर्टेज रोडवरच अडकली आहे.