दर्यावर्दींचे शब्द

भाषेचा अभ्यासक बहुधा ग्रंथांकडे वळतो. परंतु काही शब्दांचे आयुष्य लाटांवरच गेलेले असते. जहाजाच्या उजव्या बाजूला इंग्रज खलाशी 'स्टारबोर्ड' म्हणतो. ताऱ्यांशी त्या शब्दाचा काही संबंध नाही. प्राचीन इंग्रजीत तो 'स्टेओरबोर्ड' होता, म्हणजे सुकाणूची बाजू. कारण त्या काळी सुकाणूचे वल्हे उजव्या अंगास बांधलेले असे. डाव्या बाजूचे जुने नाव 'लारबोर्ड'. वादळाच्या घोंगावण्यात ही दोन्ही नावे सारखीच ऐकू येत आणि हुकूम उलटा ऐकला गेल्यास जहाज खडकावर जाण्याचे भय असे. म्हणून १८४४ साली ब्रिटिश आरमाराने 'लारबोर्ड' टाकून 'पोर्ट' हा शब्द स्वीकारला.

समुद्रावर शब्दाची परीक्षा अशी कठोर असते. तेथे त्याचे कुळ कोणी विचारीत नाही. तो कामास येतो की नाही, एवढेच पाहतात. कोकणच्या किनाऱ्यावरही हेच घडले. आपण अस्सल मराठी समजतो तो 'सुकाणू' अरबी 'सुक्कान'वरून आला, 'आरमार' पोर्तुगीजांच्या 'आर्माडा'वरून, आणि 'नाखवा' हा तर फारसी 'नाखुदा', म्हणजे नावेचा धनी.

ही देवघेव एकेरी मात्र नव्हती. आंग्र्यांच्या ज्या गुराबांनी आणि गलबतांनी ईस्ट इंडिया कंपनीला जेरीस आणले, त्यांची नावे इंग्रजांना 'ग्रॅब' आणि 'गॅलिव्हॅट' म्हणून उचलावीच लागली. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशात ती नोंदलेली आहेत. तेथे आपला सुकाणीही भेटतो, पण 'सीकनी' या वेषात. 'सी' म्हणजे समुद्र. तेव्हा इंग्रजी कानाला तो शब्द घरचाच वाटावा!

त्याच कोशात 'तांडेल'ही आहे, आणि येथे क्षणभर थांबावे लागते. कोकणी गलबतावर तांडेल हा प्रमुख. वारा, भरती-ओहोटी, पाण्याखालचे खडक जाणणारा; साऱ्यांचे प्राण त्याच्या हाती. इंग्रजांच्या जहाजावर तोच 'टिंडल' झाला: सारंगाच्या हाताखालचा एक कनिष्ठ अंमलदार. शब्द सातासमुद्रांपार गेला, पण त्याचा हुद्दा उतरला. कोशकारांनी चुकीचे लिहिले असे नव्हे. त्या जहाजांवरची वस्तुस्थितीच तशी होती. जहाज ज्याचे, त्याने शब्दाची पायरी ठरविली.

आपल्या किनाऱ्यावर मात्र त्या शब्दाने मान सोडलेला नाही. शिडांची जागा यंत्रांनी घेतली, तरी मासेमारीच्या होडीचा प्रमुख आजही तांडेलच आहे. परंतु यंत्राला शिडाची भाषा लागत नाही. जे दोर आता ओढावे लागत नाहीत, त्यांची नावे हाका मारण्यावाचून विसरली जातात. असे शब्द ग्रंथालयात बसून मिळावयाचे नाहीत. ते बंदरावर जाऊन, म्हाताऱ्या तांडेलांपाशी बसून टिपावे लागतील; आणि तेही त्यांच्या हयातीतच.