सिनेमाचा ऑर्केस्ट्रा आणि विहाराचे व्यासपीठ

(विहाराच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



समितीने मला ऑर्केस्ट्रावर बोलायला सांगितले आहे. मी काही विद्वान माणूस नाही. नोकरी सांभाळून पंचवीस वर्षे ऑर्केस्ट्रात ढोलक-ढोलकी वाजविली आणि जयंतीला आपल्या गायन पार्टीतही बसलो. दोन्हीकडचे मीठ खाल्ले आहे, एवढाच माझा अधिकार.

चौदा एप्रिल जवळ आला की आपल्या बैठकीत एक वाद ठरलेला असतो. तरुण म्हणतात, डीजे लावा. वडीलधारी म्हणतात, पेटी-ढोलकीची गायन पार्टी बोलवा, बाकी काही नको. मधली माणसे म्हणतात, चांगला ऑर्केस्ट्रा आणू, बुद्ध-भीमगीते त्यांच्याकडूनच म्हणून घेऊ. मग कोणीतरी उठून विचारतो, जे लोक वर्षभर सिनेमाची गाणी वाजवितात, गणपती-नवरात्रात वाजवितात, त्यांना आपल्या व्यासपीठावर कशाला? यावर मला जे वाटते ते सांगतो.

आधी ऑर्केस्ट्रा म्हणजे काय ते पाहू. पुण्याचा ‘मेलडी मेकर्स’, प्रमिला दातार यांचा ‘सुनहरी यादें’ ही नावे जुन्या मंडळींना आठवत असतील. ठाण्याला १९७८ साली गडकरी रंगायतन झाले, कल्याणला अत्रे रंगमंदिर आले, तिथेही असे कार्यक्रम लोकांनी तिकीट काढून पाहिले. त्याच धर्तीवर ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात लहान-मोठे ऑर्केस्ट्रे निघाले. त्यांचे काम एकच, मूळ रेकॉर्ड जशी आहे तशी हुबेहूब वाजविणे. सुरुवातीचे म्युझिक, मधले पीस, गाणे संपते ते ठिकाण, सगळे ठरलेले. चार-पाच मिनिटांत गाणे संपले पाहिजे, कारण पुढचे पंचवीस उभे असतात. हे सोपे काम नाही, त्याला फार रियाज लागतो.

आता हाच ऑर्केस्ट्रा आपल्या वस्तीत येतो तेव्हा काय होते? आपल्या गाण्याची रीत वेगळी. आपला गायक मुखडा म्हणतो, मध्येच शेर घालतो, लोकांनी दाद दिली की तीच ओळ पाच वेळा घोळवितो. कोणी पन्नासाची नोट घेऊन येतो, गाणे थांबवून त्याचे नाव माईकवरून पुकारले जाते, आणि गाणे पुन्हा तिथूनच उचलले जाते. कधी अंतरा आधी, कधी साखी आधी. हे कागदावर लिहिलेले नसते. वाजविणाऱ्याने गायकाच्या तोंडाकडे बघून वाजवायचे असते. ऑर्केस्ट्रावाला कागद बघून वाजवितो. एका वस्तीतल्या कार्यक्रमाला मी होतो. गायकाने शेर सुरू केला आणि कॅसिओवाल्याने ठरल्याप्रमाणे पीस वाजवायला घेतला. दोघेही आपापल्या जागी बरोबर, पण गाण्याचे भजे झाले. लोक हसले. मग ऑक्टोपॅडवाल्याने हात काढून घेतला, वस्तीतलाच एक म्हातारा ढोलकी घेऊन पुढे बसला, आणि कॅसिओवाला त्याच्याकडे पाहून नुसते सूर धरू लागला. तिथून पुढे कार्यक्रम असा रंगला की कोणी उठेना.

यातून मी एक शिकलो. वाजविणारा हुशार असून भागत नाही, त्याला जागा कळावी लागते. आणि जागा कळायला सांगणारे कोणीतरी लागते.

बाहेरच्या चालीने आपले गाणे बाटते, असे ज्यांना वाटते त्यांनी आपलाच इतिहास पाहावा. १९३० नंतरच्या काळात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसे गावोगाव नेले. जलशाची वाद्ये, सवाल-जवाब, सोंगाची बतावणी हे सगळे तमाशातले. पण शृंगार टाकला आणि तिथे बाबासाहेबांचा विचार बसविला. वाजविणारे तेच, मंच बदलला, आणि मंचाबरोबर ते स्वतःही बदलले. वामनदादा कर्डकांनी १९४३ साली पहिले गाणे लिहिले ते एका हिंदी सिनेगीताचे विडंबन होते. म्हणजे आपल्या महाकवीची सुरुवातच सिनेमाच्या चालीवर झाली. पुढे त्या माणसाने हजारो गाणी दिली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर चाळीचाळीतून कव्वालीचे मुकाबले रंगू लागले. श्रावण यशवंते, गोविंद म्हशीलकर, प्रल्हाद शिंदे यांची नावे घेतली की अजून म्हाताऱ्यांचे डोळे चमकतात. कव्वाली कुठली? सुफी दर्ग्यातली. ती आपल्याकडे आली आणि बुद्ध-भीमाचे गुण गाऊ लागली. शाहीर विठ्ठल उमपांनी कोळीगीते गायिली, जांभूळ आख्यान केले आणि भीमगीतेही गायिली. २०१० साली नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच त्यांनी अखेरचा श्वास घेतला.

आणि सिनेमाचे संगीत तरी कुठे शुद्ध? गोव्याचे वादक चर्चच्या शाळेत सूर शिकले, मुंबईच्या हॉटेलांत जाझ वाजवू लागले आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत आले. ट्रंपेटवाले चिक चॉकलेट हे त्यांतलेच. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीताला त्यांच्या बँडची साथ होती. हॉटेलातला वादक मराठी संगीतकाराच्या चालीवर वाजवू शकला, तर कल्याणच्या ऑर्केस्ट्रातला मुलगा आपल्या ढोलकीबरोबर का वाजवू शकणार नाही?

आता धम्माच्या बाजूने पाहू. भंतेजी समोर आहेत, चुकले तर दुरुस्त करतील. दीघनिकायात सक्कपञ्ह सुत्त आहे. राजगृहाजवळ इंदसाल गुहेत भगवान ध्यानस्थ असताना पंचशिख नावाचा गंधर्व वीणा घेऊन येतो. तो काय गातो? स्वतःच्या प्रेयसीवर रचलेले प्रेमगीत, आणि त्यातच बुद्ध, धम्म, अरहंत यांचे उल्लेख. आजच्या भाषेत सांगायचे तर सिनेमाचे गाणेच! जागा कोणती, आणि गाणे कोणते! पण भगवान त्याला हाकलून देत नाहीत. तुझ्या तारांचा सूर आणि गळ्याचा सूर एकमेकांशी छान जुळतो, असे म्हणतात, आणि हे गीत कधी रचलेस म्हणून विचारतात. म्हणजे आधी कलावंताची दखल घेतली, मग पुढचा धम्मसंवाद झाला.

याचा अर्थ काहीही चालेल असा नाही. संयुत्तनिकायात तालपुट नावाच्या नटप्रमुखाची गोष्ट आहे. लोकांचा राग, द्वेष, मोह वाढवील अशी कला करणारा स्वतःचेही नुकसान करतो, असे भगवान त्याला स्पष्ट सांगतात. म्हणून द्व्यर्थी गाणी आपल्या मंचावर नकोत, हे मी ऑर्केस्ट्रावाला असूनही सांगतो. तसेच पौर्णिमेला अष्टशील पाळणाऱ्यांना नृत्य-गीत-वादनापासून दूर राहण्याचे शील असते. त्यांच्या उपोसथात आपण कर्णा लावून अडथळा आणू नये. वंदनेची जागा वेगळी आणि मनोरंजनाची वेगळी.

राहिला गणपती-नवरात्रात वाजविणाऱ्यांचा प्रश्न. इथे मी जरा स्पष्ट बोलणार आहे, राग मानू नका. त्या ऑर्केस्ट्रात, त्या बेंजो पार्टीत कोण आहे? आपलीच मुले आहेत. कोणाचा बाप गिरणीत होता, कोणाचा रेल्वेत खलाशी. नोकरी मिळाली नाही, हातात वाद्य होते, त्यावर पोट भरतात. बाबासाहेबांनी १९५६ साली नागपूरला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्या मी रोज आठवतो. देवांना मानणार नाही, पूजा करणार नाही, हे आपले वचन. पण मजुरीवर ढोलकी वाजविणे म्हणजे पूजा करणे नव्हे. मूर्तीच्या मांडवाला वीज जोडणारा वायरमन आपला असतो, त्याला आपण विहाराबाहेर काढत नाही. भगवंतांनी उपासकासाठी पाच व्यापार वर्ज्य सांगितले, शस्त्र, प्राणी, मांस, मद्य आणि विष यांचे. वाद्य त्यांत नाही. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज पंढरीच्या वाटेवर घरोघर पोहोचला, आणि त्याच आवाजाने आपल्या वस्त्याही जागविल्या. २००४ साली एकाच वर्षी वामनदादा गेले, प्रल्हाददादाही गेले. दोघांनाही आपण आपलेच म्हणून निरोप दिला. ज्यांना माझे म्हणणे पटत नाही त्यांचा मी आदर करतो. त्यांची निष्ठा खरी आहे. पण विहाराचे दार मुलाच्या तोंडावर लावून निष्ठा वाढत नाही. तो मुलगा दुसऱ्याच्या मांडवात जातोच, फक्त परत येत नाही.

डीजेला माझा विरोध एवढ्यासाठीच आहे. मोठ्या आवाजाच्या पेट्या भाड्याने येतात आणि भाडे घेऊन जातात. त्यात आपल्या वस्तीतला एक हात वाजत नाही, एक गळा तयार होत नाही. त्यातले शब्द तर ऐकूच येत नाहीत, आणि शब्द ऐकू आले नाहीत तर ते भीमगीत कसले? शिवाय ध्वनिप्रदूषणाचा २००० सालचा नियम आहे. रात्री दहा ते सकाळी सहा कर्णा बंद. वस्तीत दिवसा पंचावन्न आणि रात्री पंचेचाळीस डेसिबलची मर्यादा. सरकारने सवलत दिलेल्या मोजक्या दिवशीच बारापर्यंत मुभा. आपल्याच वस्तीत दहावी-बारावीची मुले असतात आणि आजारी म्हातारी माणसे असतात, हे विसरू नये.

तेव्हा माझ्या चार सूचना आहेत. पहिली, ऑर्केस्ट्रा जरूर बोलवा, पण महिनाभर आधी. आपल्या गायन पार्टीबरोबर निदान चार तालमी विहाराच्या ओट्यावर होऊ द्या. गायकाची पट्टी कोणती, काळी चार की पांढरी पाच, शेर कुठे येणार, हे त्यांना कळू द्या. दुसरी, कार्यक्रम त्रिशरण-पंचशीलाने सुरू होईल. तेव्हा वादकांनीही चपला काढून बसावे, हे आधी प्रेमाने सांगा. परधर्मीय वादक असला तरी तो हे आनंदाने करतो, मी पाहिले आहे. तिसरी, मानधन ठरवा आणि कार्यक्रमाआधी पाकीट हातात द्या. ‘आपलाच आहेस, समाजासाठी वाजव’ असे म्हणून रात्री अकराला उपाशीपोटी शेवटच्या लोकलकडे पळविणे हे समाजकार्य नव्हे. भगिनींनी त्यांच्यासाठी दोन घास काढून ठेवावेत. चौथी, ढोलकीवर आपल्या वस्तीतला एक मुलगा आणि एक मुलगी शेजारी बसवा. म्हाताऱ्यांच्या हातातला ठेका त्यांच्या हातात उतरला पाहिजे. आज ‘धम्म विंग्ज’सारखा बँड गिटार-ड्रमवर बुद्धाची गाणी करतो. उद्या तुमचीही मुले करतील. पण आधी ठेका यावा लागतो.

बंधू-भगिनींनो, सिनेमाचा ऑर्केस्ट्रा आपल्या मंचावर आला म्हणून आपले गाणे सिनेमाचे होत नाही. आपण गप्प बसलो, काही सांगितले नाही, तर मात्र होते. येत्या जयंतीची पहिली तालीम कधी ठेवायची ते अध्यक्षांनी आजच जाहीर करावे. ढोलकी घेऊन मी येतो. हात आता पूर्वीसारखा चालत नाही, पण शिकविण्यापुरता चालतो.



नमो बुद्धाय! जयभीम!