गर्दी मंडईला होते, मग सामन्याला का नाही?

(आसगाव येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



मघाशी चहा घेताना एका काकाजींनी मला अडवलं. म्हणाले, "गुरुजी, धानाच्या बोनसवर बोलाचं सोडून हे फुटबॉलचं काय काहाडलं?" बोनसवर बोलणारे तुमच्याकडे पुष्कळ येतात. निवडणूक जवळ आली की रांगच लागते. मी पी.टी.चा मास्तर. आयुष्यभर शिट्टी वाजवली आणि पोरांना उन्हात पळवलं. मला जे येतं त्यावरच बोलतो.

पहिल्यांदा माझी फजिती सांगतो. नोकरीत असताना आमच्या शाळेच्या पोरांचा शेजारच्या गावाशी सामना ठरवला. पत्रकं छापली, त्यात 'भव्य' हा शब्द सगळ्यांत मोठ्या टायपात. प्रमुख पाहुणे बोलावले. सामना तीन वाजता. पाहुणे पाचपर्यंत आले नाहीत, आणि उद्‌घाटन झाल्याशिवाय चेंडूला लाथ कशी मारायची म्हणून आम्ही थांबलो. पाहुणे आले. खेळ आणि जीवन या विषयावर त्यांनी चाळीस मिनिटं मार्गदर्शन केलं. डिसेंबरचा सूर्य काही त्यांचा कार्यकर्ता नव्हता, तो आपल्या वेळेला बुडाला. सामना झाला पंधरा मिनिटांचा, तोही चेंडू दिसेनासा झालेला असताना. मी प्रेक्षक मोजले होते. सतरा. त्यातले चार बकऱ्या न्यायला आलेले.

हसा, हसा. पण हे फक्त आपल्या खेड्यातलं रडगाणं नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक आपल्या देशात झाला. नवी मुंबईतही सामने झाले. सगळे मिळून साडेतेरा लाखांच्या आसपास प्रेक्षक आले, त्या स्पर्धेच्या इतिहासातला तो उच्चांक. त्याच्या महिनाभर आधी, १५ सप्टेंबरला, आपल्या सरकारने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' म्हणून एका दिवसात दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवायचा घाट घातला होता. शाळाशाळांत चेंडू आले. ते चेंडू आज कोणत्या कपाटात आहेत, ते मुख्याध्यापकांना माहीत आणि कपाटातल्या उंदरांना.

आणि त्या विश्वचषकानंतर आठ महिन्यांच्या आतच, १ जून २०१८ला, मुंबईत अंधेरीला भारताच्या मुख्य संघाचा चायनीज तैपेईशी सामना झाला. भारत पाच-शून्य जिंकला, सुनील छेत्रीने तीन गोल मारले. प्रेक्षक किती? २,५६९. मुंबईत! लोकलच्या चार डब्यांत याहून जास्त माणसं असतात की काय, असं वाटावं. छेत्रीने मग स्वतःचा एक व्हिडिओ टाकला. आम्हाला शिव्या द्या, टीका करा, पण मैदानावर या, अशी हात जोडून विनंती केली. ४ जूनला केनियाशी सामना होता, छेत्रीचा शंभरावा. धो धो पाऊस, आणि तिकिटं संपलेली.

तीन दिवसांत खेळ काही सुधारला नव्हता. मैदान तेच, संघ तोच. बदललं एवढंच की कोणीतरी आपल्याला नाव घेऊन बोलावलं, असं लोकांना वाटलं. ही गोष्ट मनात ठेवा, मी तिच्याकडे परत येणार आहे.

आता आपल्या घरचं बघू. भाऊबीज झाली की आपल्या भागात मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते. आज या गावची, उद्या त्या गावची. मंडईची तारीख कोणाला सांगावी लागते का? म्हातारीला विचारा, कॅलेंडर न बघता सांगेल. लेकी माहेरी येतात, जावई येतात, जावयाचे मित्रही येतात. जिलेबीची कढई लागते, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात. रात्री दंडारीचं लोकनाट्य नाही तर वडस्याच्या कंपनीचं नाटक, पहाट होईपर्यंत. कोणाच्या सोयरिकीची पहिली बोलणी त्या गर्दीतच होतात. दंडार कशी झाली हे दुसऱ्या दिवशी फारसं कोणी विचारत नाही. कोण कोण आलं होतं, हे विचारतात.

शंकरपटाचं, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींचं, तेच. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पट बंद झाले, डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली. मध्ये साडेसात वर्षं गेली. एवढ्या काळात एखादा धंदा बुडतो, एखादा पक्ष फुटून पुन्हा जुळतो. पण पट सुरू झाले आणि धुऱ्याधुऱ्यावर माणसं उभी राहिली. आपण म्हणतो की लोक बैल बघायला जातात. माझं निरीक्षण वेगळं आहे. पहिला प्रश्न असतो, "जोडी कोणाची?" बैलाचा रंग नंतर.

फुटबॉलमध्ये हाच प्रश्न कोल्हापूरने सोडवला, आणि महाराष्ट्रात दुसऱ्या कोणी इतका नीट सोडवलेला नाही. तिथे संघांची नावं ऐका. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालीम म्हणजे कुस्तीची. लाल मातीत वाढलेल्या पेठांनी फुटबॉल उचलला तो आपल्या तालमीच्या नावासकट. पाटाकडील मंगळवार पेठेचा, खंडोबा शिवाजी पेठेचा. शाहू स्टेडियमवर या दोघांची गाठ पडते तेव्हा पेठेतली दुकानं लवकर बंद होतात, आणि माणसं तिकीट काढून, सिमेंटच्या पायऱ्यांवर उन्हात बसून बघतात. स्पर्धा भरवायला कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन आहे, १९४०पासूनची. सकाळी ज्या पोराच्या हातचा चहा घेतला, तोच दुपारी सेंटर फॉरवर्ड. त्याने गोल चुकवला तर दुसऱ्या दिवशी टपरीवर हिशेब द्यावा लागतो. ज्या विश्वचषकाबद्दल मी मघाशी बोललो, त्यातल्या भारतीय संघातला अनिकेत जाधव याच कोल्हापूरचा.

कोल्हापूरचं सगळंच घ्या, असं मी म्हणत नाही. पेठेचा अभिमान चढला की हुल्लडबाजी होते, दगड येतात, मोबाइलवर रात्रभर एकमेकांचा उद्धार चालतो, पोलिसांना मध्ये पडावं लागतं. ईर्षा हा तिखटाचा डबा आहे. आपल्याला चिमूटभर हवी. आसगाव आणि कोंढा, आसगाव आणि भुयार, एवढी पुरे.

आता नाव घेऊन बोलावण्याच्या त्या गोष्टीकडे परत येतो. माझ्या त्या सतरा प्रेक्षकांनंतर दुसऱ्या वर्षी मी पत्रकच छापलं नाही. ऑटोवर भोंगा बांधला. नाटकाची जाहिरात करतो तो पोरगा बोलावला आणि त्याच्या हातात एक कागद दिला. त्यावर 'भव्य' नव्हतं, अकरा पोरांची ओळख होती. पंपवाल्या भाऊचा लहाना, तो गोलकीपर. आटाचक्कीवाल्या बाईचा नातू, डाव्या पायाचा. ढिवर मोहल्ल्यातले दोघं भाऊ, एक मागे, एक पुढे. ऑटो प्रत्येक मोहल्ल्यात फिरला आणि त्या मोहल्ल्यातल्या पोराचं नाव तिथे दोनदा घेतलं. भोंगेवाल्याने स्वतःच्या मनाने एक भर घातली, "मायबापहो, पोरगा पडला तं उचलाले या!"

पोरांच्या माया आल्या. हातातलं काम टाकून, एक जण तर सुपासकट आली. मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या, कारण बसायला काही नव्हतं. ती माझी चूक. आटाचक्कीवाल्या आजीला ऑफसाइड कळेना. नातवाने गोल मारला, पंचाने शिट्टी वाजवली, आणि ती माझ्याकडे आली, "गोल तं झाला, मंग मास्तर काहून नाई म्हणते?" मी समजावायला लागलो आणि माझ्या लक्षात आलं की तिच्यामागे वीस जण कान देऊन उभे आहेत. कोणालाच कळलेलं नव्हतं. मी माईक घेतला आणि सांगितलं, "बाई, पंगतीत वाढप्या यायच्या आधीच जाऊन पात्रावर बसलं, तर वाढप्या म्हणेल का नाही, आधी उठ?" तुलना काही फार बरोबर नाही, फुटबॉलवाले मला माफ करोत. पण त्यानंतर प्रत्येक ऑफसाइडला आजीच आधी ओरडायची, "उठ आधी!"

म्हणून माझा आग्रह आहे की माईकवर आपला माणूस हवा, आणि त्याने आपल्या झाडीबोलीत बोलावं. टीव्हीवरच्या समालोचकाची नक्कल नको. दंडारीत सोंग रंगवणारे लोक आपल्याकडे आहेत, त्यातला एक बसवा. खेळ त्याला पोरं शिकवतील.

तिकिटाबद्दल माझ्याशी पुष्कळ जण भांडतात. तिकीट लावा, असं मी म्हणतो. दहा रुपये लावा. झाडीपट्टीच्या नाटकाला आपण थंडीत कुडकुडत तिकीट काढून जातो. खुर्चीचं वेगळं, खाली बसायचं वेगळं, आणि खुर्ची मिळाली नाही म्हणून भांडतो. फुकटच्या कार्यक्रमाला माणूस 'जाऊ' म्हणतो, पैसे दिलेल्या कार्यक्रमाला जातो. बायांना आणि पोरांना तिकीट नको. आणि जमा झालेल्या पैशांचा हिशेब दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूने लिहा. तेवढ्या फळ्याने पुढच्या वर्षीची वर्गणी सोपी होते.

बायांसाठी दोन गोष्टी, त्यांच्यावर तडजोड नाही. बसायला वेगळी सतरंजी, आणि जवळ संडास. शाळेच्या मैदानावर सामना असेल तर शाळेच्या संडासाची किल्ली त्या दिवशी शिपायाच्या खिशात नको, दाराला हवी. आणि मुलींचा सामना मुलांच्या आधी ठेवा. 'आधी' म्हणजे गर्दी जमायच्या आधी नव्हे हो, गर्दी जमल्यावर.

बसायची सोय म्हटलं की कोणी उत्साही पोरगा बांबूची गॅलरी बांधू म्हणेल. केरळमध्ये मलप्पुरमला सात-सात जणांचा फुटबॉल चालतो. दिव्यांच्या उजेडात, रात्री, कापणी झालेल्या शेतांतसुद्धा, आणि हजारो माणसं तात्पुरत्या गॅलऱ्यांवर बसतात. फार देखणा प्रकार. पण मार्च २०२२ मध्ये तिथे अशीच एक गॅलरी सामन्याआधी कोसळली, पुष्कळ लोक जखमी झाले. आपण त्यांचे सात खेळाडू घेऊ, गॅलरी नको. सात जणांना छोटं मैदान पुरतं, चेंडू सारखा गोलाजवळ असतो, आणि नवख्या माणसाला बघायला तेच बरं पडतं. तणसाच्या पेंढ्या टाका बसायला. फक्त विडीवाल्यांना तिथून लांब ठेवा.

नागपूरची एक गोष्ट तुम्हाला सिनेमातून माहीत आहे. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटक्या बादलीला लाथा मारताना पाहिली आणि झोपडपट्टी फुटबॉल सुरू केला. नागराज मंजुळेंचा 'झुंड' आला २०२२ मध्ये, बारसे सरांवर बेतलेल्या भूमिकेत अमिताभ बच्चन. सिनेमा आला तेव्हा आपल्याकडची पोरं महिनाभर सगळीकडे चेंडू लाथाडत होती. पण बारसे सरांना ती पोरं दिसली तेव्हा त्यांच्याकडे चेंडूही नव्हता, जर्सी तर लांबच. हे मी अशांसाठी सांगतो जे म्हणतात, "आधी स्टेडियम मंजूर होऊ द्या." मंजुरी येईल तेव्हा ती पोरं आजोबा झालेली असतील.

राहिला वेळेचा प्रश्न, आणि खरी मेख तिथे आहे. फुटबॉल हा पावसाचा खेळ. शाळांच्या स्पर्धाही पावसाळ्यातच येतात. त्या वेळी आपलं गाव कुठे असतं? बांधीत, गुडघाभर चिखलात, रोवणीला. माणूस दिवसभर वाकून पऱ्हे रोवेल आणि संध्याकाळी कडेला उभा राहून टाळ्या वाजवेल, ही अपेक्षा क्रूर आहे. गोसेखुर्द धरणाचं पाणी आलं तसं उन्हाळी धानाचंही काम वाढलं. मोकळा काळ उरतो तो कापणीनंतरचा थोडासा. त्यातच मंडई बसलेली आहे, आपल्या पूर्वजांना हे गणित चांगलं कळत होतं. म्हणून स्वतंत्र 'फुटबॉल महोत्सव' वगैरे काढू नका. पुढच्या वर्षी आसगावची मंडई ज्या दिवशी असेल, त्या दिवशी दुपारी साडेतीनला शिट्टी. दरवर्षी त्याच दिवशी, त्याच वेळी. पाहुणे आले तर बरं, नाही आले तरी शिट्टी. गावात तेव्हा जावई असतातच, रात्रीच्या नाटकापर्यंत त्यांना करायला काही नसतं. गावची पोरं विरुद्ध गावचे जावई असा एक सामना ठेवा. त्याला बायका पैसे देऊन येतील, मी लिहून देतो.

त्याआधी एक तालीम म्हणून येत्या २६ जानेवारीला एक सामना करून बघू. सकाळच्या प्रभातफेरीला आणि पोरांच्या नाचगाण्याला गाव जमतंच, त्याला दुपारी परत आणायचं आहे एवढंच. भोंग्याचा ऑटो ठरला आहे. नावांचा कागद मी आणि मोहल्ल्यातल्या दोन पोरींनी मिळून केला, अजून तीन नावं कमी आहेत. गोलाचे बांबू कोणी देतं का ते बघा.

शाळेमागच्या जागेवर अजून धानाचे दोन पुंजणे उभे आहेत. ज्यांचे असतील त्यांनी तेवढे वीस तारखेच्या आत चुरून घ्यावेत, म्हणजे धसकटं काढायला पोरांना चार दिवस मिळतील. मैदान आखायची फक्की आणायला मी उद्या पवनीला जातोच आहे. कोणाला बाजारातून काही हवं असेल तर आत्ताच सांगून ठेवा.