नक्षी नको, स्क्रू बघा

आज बोलूया ब्राउनिंग सुपरपोज्डबद्दल. एकावर एक दोन नळ्यांची ही शॉटगन १९३१ मध्ये बेल्जियमहून बाजारात आली. जुनी घेणारे आधी नक्षीकामावर भाळतात. पण थांबा! १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही बंदुकांचं अक्रोडाचं लाकूड मीठ लावून वाळवलं होतं. ते मीठ आजही लोखंड खातंय. वरून चकाचक, आतून गंज!

म्हणून बंदूक रिकामी आहे ना, हे आधी बघा. मग जाणकाराकडून दस्त्यामागची पट्टी काढून स्क्रू तपासा. गंजलेत? किंमत पडलीच समजा. बंदूक मिटल्यावर वरचा लिव्हर किंचित उजवीकडे हवा. झीज झाली की तो डावीकडे सरकतो. आम्ही कोडवाले म्हणतो तसं, नुसता यूआय बघून ॲप पास करू नका. भेटू पुढच्या भागात!