केळीची राख आणि इंजिनाचें तेल



आमच्या लहानपणीं घरोघर भांडीं राखेनें घासलीं जात. नारळाची शेंडी चुलीच्या राखेंत बुडवून आई तेलकट कढई लखलखीत करी. राखेनें तेलकटपणा कां जातो, हा प्रश्न तेव्हां मला पडला नाहीं. पुढें विज्ञान शिकवूं लागल्यावर कळलें कीं, राखेंत पोटॅशियमचे क्षार असतात आणि ते स्निग्ध पदार्थाला फोडतात. आज याच गुणाचा उपयोग तेलापासून इंजिनाचें इंधन करण्याकडे होऊं लागला आहे. त्याविषयीं चार शब्द सांगावयाचे आहेत.

वनस्पतींच्या तेलावर इंजिन चालविण्याची कल्पना नवी नव्हे. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनांत एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यांत आलें होतें. परंतु नुसतें तेल दाट असतें. तें नीट फवारलें जात नाहीं आणि इंजिनांत काजळी धरते. बेल्जममधील शाव्हान यांनीं १९३७ सालीं यावरील उपायाचें पेटंट घेतलें, व पुढल्याच वर्षीं ब्रसेल्स ते लूव्हेन या मार्गावर पामतेलापासून केलेल्या इंधनावर एक बस धांवली.

हा उपाय असा. तेलाच्या प्रत्येक रेणूंत ग्लिसरीनला स्निग्धाम्लाच्या तीन लांब सांखळ्या जोडलेल्या असतात. तेलांत मिथेनॉल मिसळून सुमारें ६० अंश उष्णतेवर ढवळीत राहिलें, म्हणजे या सांखळ्या ग्लिसरीनला सोडून मिथेनॉलला धरतात. जड ग्लिसरीन तळाशीं बसतें. वर पातळ बायोडिझेल राहतें. १०० किलो तेलाला सुमारें ११ किलो मिथेनॉल खर्ची पडतें व जवळजवळ १०० किलो बायोडिझेल मिळतें. मात्र हा सोयरसंबंध सहजासहजीं जुळत नाहीं, मध्यस्थ लागतो. लग्न जुळवून स्वतः अलिप्त राहणाऱ्या अशा मध्यस्थाला रसायनशास्त्रांत उत्प्रेरक म्हणतात.

कारखान्यांत हें काम बहुधा कॉस्टिक सोड्यासारख्या पदार्थाकडून करवितात. तो मिश्रणांत विरघळतो. म्हणून शेवटीं इंधन पाण्यानें धुवावें लागतें, आणि तें पाणी दूषित होतें. राखेचें महत्त्व येथें आहे. आसामांत केळीच्या सालींची राख पाण्यांत भिजवून गाळलेला ‘कोलाखार’ स्वयंपाकांत व धुण्यांत पूर्वापार वापरतात. तेथील संशोधकांनीं केळीच्या खोडाच्या राखेनें पिवळ्या कण्हेरीच्या बियांच्या तेलाचें बायोडिझेल करून दाखविलें. कोकोच्या टरफलांची राखही हें काम करते. भाताच्या तुसाच्या राखेंत मुख्यतः सिलिका असते. ती स्वतः फारसें कांहीं करीत नाहीं, पण दुसऱ्या उत्प्रेरकाला आधार देते. राख गाळून पुन्हां वापरतां येते. परंतु दर खेपेस थोडें पोटॅशियम विरघळून जातें व तिचा जोर ओसरतो.

निवृत्तीपूर्वीं दोन वर्षें मीं शाळेच्या प्रयोगशाळेंत हा प्रयोग करून पाहिला. वर्गांतील एका खानदेशच्या मुलानें गांवाहून केळीच्या खोडाची राख आणली होती. तेल मीं घरून नेलें, वडे तळून तळून काळें पडलेलें. तासाभरानें पात्रांत इंधनाऐवजीं पांढरट लगदा जमला. मुलें हंसलीं, मीही ओशाळून हंसलों. कारण मागाहून उमगलें. वारंवार तापविलेल्या तेलांत मोकळीं स्निग्धाम्लें वाढतात. त्यांची आणि राखेंतील क्षारांची गांठ पडली, कीं साबण होतो. अशा तेलावर आधीं आम्लाच्या साहाय्यानें संस्कार करावा लागतो. मग राखेची पाळी.

पण त्या मुलाचा एक प्रश्न अजून माझ्या मनांतून गेलेला नाहीं. तो म्हणाला, “गुरुजी, खोडें आम्ही मळ्यांतच कुजवतों. त्यांची राख इथें आणली, तर मळ्याला काय द्यायचें?”

केळ हें पोटॅशचें मोठें खादाड पीक. घड उतरल्यावर खोड तोडतात, तेव्हां जमिनींतून घेतलेलें पुष्कळसें पोटॅश त्यांत असतें. आपण ज्याला टाकाऊ म्हणतों, तें शेतकऱ्याचें खत आहे. शिवाय ताज्या खोडांत दहांपैकीं नऊ भागांहून अधिक पाणी असतें. तें वाळवून, जाळून, राख भट्टींत भाजण्यालाही खर्च येतोच.

मला उत्तर सुचतें तें असें: राख उसनी घ्यावी आणि फेडावी. तळच्या ग्लिसरीनमध्यें उतरलेलें पोटॅशियम फॉस्फोरिक आम्लानें वेगळें करून शुद्ध केलें, तर पोटॅशियम फॉस्फेट मिळतें. तें उत्तम खत आहे. कॉस्टिक सोड्यांतील सोडियमचें तसें नाहीं. तें जमिनीला मानवत नाहीं. शेताचें शेताला परत गेलें, तरच या इंधनाला निर्दोष म्हणतां येईल.

घरीं मात्र कोणीं हा प्रयोग करूं नये. मिथेनॉल विषारी आहे आणि चटकन् पेट घेतें. आपल्या हातीं आहे तें एवढेंच: तळणीचें तेल पुन्हां पुन्हां तापवूं नये, मोरींतही ओतूं नये, गाळून सांठवावें व गोळा करणाऱ्यांस द्यावें. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणानें २०१८ सालीं अशा तेलाचें बायोडिझेल करविण्याचा उपक्रम सुरू केला.

तो मुलगा आतां मळा पाहतो. कोणी त्याच्याकडे राख मागावयास गेलें, तर “परत केव्हां देणार?” असें तो विचारील. त्याला देण्याजोगें उत्तर घेऊनच आपण त्याच्या दारीं जावें, इतकें सांगून मी आपली रजा घेतों.