यंत्राच्या पाठीवरील बारीक अक्षरे

(पालक मेळाव्यात केलेले भाषण स्मरणिकेच्या वाचकांसाठी लिहून दिले आहे.)



संगणकाचे महत्त्व सांगणारी भाषणे आपण पुष्कळ ऐकली आहेत. आज मी संगणकाच्या पडद्याविषयी नव्हे, तर पाठीविषयी बोलणार आहे. आपल्या मुलांच्या हातात आज लॅपटॉप किंवा टॅब्लेट असतो. त्याच्या पाठीवर आणि चार्जरच्या अंगावर मुंगीएवढी अक्षरे छापलेली असतात. ती आपण वाचत नाही. मीसुद्धा वाचत नव्हतो.

दोन वर्षांपूर्वी आमच्या आठवीतल्या एका मुलाचा टॅब्लेटचा चार्जर हरवला. वडिलांनी रस्त्यावरच्या दुकानातून स्वस्तातला दुसरा आणला. रात्री टॅब्लेट चार्जिंगला लावून मुलगा झोपला आणि पहाटे जळक्या वासाने घर जागे झाले. चार्जर वितळून गादीला भोक पडले होते. अल्लाहच्या कृपेने मुलगा बचावला. वडील तो काळा पडलेला चार्जर घेऊन शाळेत आले आणि म्हणाले, "सर, याच्यावर शिक्के आहेत की हो!" खरोखरच होते. एक 'सीई' आणि दुसरा 'एफसीसी'. त्या वेळी मला उत्तर देता आले नाही.

नंतर शोधले तेव्हा कळले की प्रत्येक शिक्का वेगळ्या गोष्टीची हमी देतो. एफसीसी ही अमेरिकेची दळणवळण नियमन करणारी संस्था, स्थापना १९३४. तिचा संगणकाशी संबंध कसा आला, ती हकीकत मजेशीर आहे. १९७७ साली टँडी कंपनीने 'टीआरएस-८०' नावाचा घरगुती संगणक बाजारात आणला. त्यातून रेडिओ लहरी इतक्या बाहेर पडत की लोक शेजारी साधा रेडिओ ठेवून खेळांचे आवाज त्यातून ऐकत! गंमत ही एवढीच. कारण अशा यंत्रांमुळे टीव्ही आणि रेडिओ खरखरू लागले. १९७९ साली संस्थेने नियम केले आणि घरात वापरायच्या यंत्रांना कार्यालयातील यंत्रांपेक्षा कडक मर्यादा घातली. त्या मर्यादेत बसवता न आल्याने टँडीने १९८१ च्या जानेवारीत ते मॉडेल बंद केले. म्हणजे एफसीसीचा शिक्का पाहतो तो रेडिओ लहरींचे. चार्जर पेट घेईल काय, शॉक बसेल काय, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. 'सीई' हे युरोपच्या बाजारासाठी उत्पादकाने स्वतः केलेले निवेदन असते. शिवाय ही अक्षरे प्लास्टिकवर कोणालाही छापता येतात, हे वेगळेच.

मग आपल्या देशाचे काय? वडीलधाऱ्यांना 'आयएसआय' ठाऊक आहे. कुकर, इस्त्री घेताना ते तो शिक्का पाहत. ती १९४७ ची संस्था १९८७ पासून भारतीय मानक ब्यूरो झाली. २०१२ साली केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला आणि पहिल्याच यादीत लॅपटॉप व टॅब्लेट होते. २०१४ मध्ये मोबाईल, पॉवर बँक, बॅटऱ्या आणि संगणकाचे अडॅप्टर यांची भर पडली. नोंदणी झालेल्या वस्तूवर रोमन 'आर' हे अक्षर आणि पुढे आठ आकडी क्रमांक असतो. वर आयएस १३२५२ अशासारखा मानकाचा आकडा. नव्या यंत्रांवर ६२३६८ हा आकडाही दिसतो. बॅटरीसाठी १६०४६.

हे मानक नेमके काय तपासते, ते थोडे समजून घ्या. चार्जरच्या एका बाजूला भिंतीतली २३० व्होल्ट वीज, दुसऱ्या बाजूला ५ व्होल्ट आणि त्याला लावलेले आपले लेकरू. दोहोंमध्ये पुरेसे अंतर आणि पुरेसे आवरण आहे काय, हे काही हजार व्होल्टचा दाब देऊन पाहतात. यंत्रात बिघाड मुद्दाम घडवून ते कितपत तापते हेही पाहतात. स्वस्त चार्जरमध्ये काटछाट होते ती याच जागी, कारण ती बाहेरून दिसत नाही. (उशीखाली चार्जिंग करणे मात्र कोणत्याच चार्जरला मानवत नाही.)

एक गोष्ट मला खटकते. आयएसआयसाठी ब्यूरोचे अधिकारी कारखान्यात जातात. या 'आर' क्रमांकासाठी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल आणि उत्पादकाचे निवेदन यांवर भागते. बाजारातून नमुने उचलून तपासणी होते ती नंतर. म्हणून क्रमांक दिसला की निश्चिंत होऊ नका. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाईल ॲपमध्ये तो क्रमांक टाका. उत्पादकाचे नाव, पत्ता आणि ब्रँड समोर येईल. हातातल्या वस्तूशी ते जुळले नाही, तर क्रमांक दुसऱ्याचा उचललेला आहे.

गल्फहून भावाने किंवा मामूने आणलेल्या लॅपटॉपवर हा क्रमांक नसेल, तर ते यंत्र वाईट असे समजू नये. ते तिथल्या बाजारासाठी बनलेले असते. त्याच्या चौकोनी पिनांना दोन दमड्यांचा ढिला कन्व्हर्टर लावतो, ती चूक आपली.

गेल्या वर्षी संस्थेने गरजू मुलींसाठी टॅब्लेट घेतले. दोन कोटेशने आली. स्वस्त कोटेशनमधले टॅब्लेट नोंदणीकृत होते, पण सोबतच्या चार्जरवर काहीच छापलेले नव्हते. व्यापारी म्हणाला, "मास्तर, सगळे हेच घेतात." समितीतील एका सदस्यांनी दाखवून दिले की दोन्ही दरांतील फरकात आणखी दोन मुलींची सोय होते. हिशेब बरोबर होता. समाजाने दिलेला पैसा म्हणजे अमानत, आणि दोन्ही बाजू त्याच अमानतीचा दाखला देत होत्या. शेवटी आम्ही महागडे कोटेशन घेतले. दोन मुलींचे अर्ज मागे राहिले. त्यांपैकी एकीचे वडील मला भेटून रागावले, आणि त्यांचा राग चुकीचा होता असे मी म्हणणार नाही.

आमच्या डेड स्टॉक रजिस्टरात आता प्रत्येक टॅब्लेटपुढे दोन 'आर' क्रमांक लिहिलेले आहेत, एक यंत्राचा आणि एक चार्जरचा. त्या दोन मुलींचे अर्ज यंदाच्या फाईलमध्ये सर्वांत वर लावले आहेत.